घेवड्याच्या काठ्या

आइकारुवाच्या डोक्यात तिडीक गेली ती डोडोमाहून परतली त्याच दिवशी, डोक्यावरचं गाठोडं अजून खाली उतरलंही नव्हतं तेव्हा. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेलेली बाई नऊ आठवड्यांनी घरी येत होती. नातू झाला होता. लेकीनं, एलिनामीनं, त्याचं नाव आपल्या वडिलांच्या नावावरून अनाएली ठेवलं होतं, आणि ही बातमी आधी नवऱ्याला सांगायची, मग चूल पेटवायची, असं आइकारुवानं बसमध्येच ठरवलं होतं. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. आमच्या डोंगरावर माणूस मेला की आपल्याच केळबागेत झोपतो, त्यामुळे बातमी सांगायला फार लांब जावं लागत नाही. ती घरात न शिरता सरळ केळीत शिरली, आणि थडग्याच्या अलीकडेच तिला कुंपण आडवं आलं.

कुंपण इसालेचं होतं. लांब, रुंद, तुकतुकीत पानांचं हे झाड शहरातले लोक हौसेनं कुंडीत लावतात आणि पाहुण्यांना दाखवतात. डोंगरावर आम्ही त्याची हद्द घालतो. कंबरेएवढी काठी तोडायची, पावसात मातीत खोचायची. तीन-चार आठवड्यांत डोळे फुटतात, दोन महिन्यांत पानांचा झुबका होतो, आणि वर्ष जायच्या आत शेजारी दिसेनासा होतो. आइकारुवासमोरच्या इसालेला झुबके आले होते. ओळ सरळसोट, हिरवीगार, दोरी लावून घातलेली. थडगं त्या बाजूला होतं आणि ती या बाजूला.

तिनं गाठोडं खाली टाकलं. जुनं कुंपण कुठे असायचं ते तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. थडग्याच्याही पलीकडे, आठ पावलांवर. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं आणि अनाएलीनं मिळून सासऱ्यांच्या देखत लावलेलं. एलिनामी झाली तेव्हा एक झाड नवीन घातलं होतं, तिला चालता येऊ लागलं तेव्हा आणखी एक. आता तिथे नुसते खड्डे होते, पावसाच्या पाण्यानं भरलेले.

"कुंदाएली!" ती ओरडली. "अरे मेल्या कुंदाएली!"

कुंदाएली म्हणजे तिचा धाकटा दीर. तो मोशी शहरात राहायचा, पर्यटकांना गाडीतून फिरवायचा, आणि डोंगर चढायला येणाऱ्या गोऱ्यांसाठी आपल्या वाटच्या बागेत चार खोल्यांचं पाहुणेघर बांधत होता. तो काही त्या दिवशी तिथे नव्हता. हाक ऐकून आली ती फोइबे, पाटापलीकडची शेजारीण.

"आलीस का गं? नातू म्हणे! कुणासारखा आहे?"

"फोइबे, हे काय आहे?"

फोइबेनं कुंपणाकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. "मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलंय."

"कुणाशी ठरलंय? मी डोडोमात बाळाची दुपटी धूत होते! ठरवलं कुणाशी त्यानं, माझ्या शेळीशी?"

"खालच्या मैदानातले मजूर आणले होते बाई त्यानं. पहिला पाऊस पडला त्या दिवशी. तो स्वतः नव्हता इथे."

नव्हताच तो. तिथेच तर सगळी चलाखी होती. इसाले उपटायचं नसतं. हद्दीचं इसाले उपटणाऱ्याचं घर बसतं, असं आमच्याकडे सगळे मानतात. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारेही मानतात, फक्त बोलून दाखवत नाहीत. म्हणून भावजींनी परगावचे मजूर लावले आणि आपण शहरात जाऊन बसले, म्हणजे हात लावला तो दुसऱ्यांनी. जुनं कुंपण तोडलं, त्यातल्या सरळ काठ्या निवडून वहिनीच्या बागेत आठ पावलं आत खोचल्या, वाकड्यातिकड्या पाटाच्या काठावर फेकून दिल्या. वहिनी येईस्तोवर नवीन कुंपणाला पानं फुटली. आता ते इसाले झालं. आता त्याला आइकारुवानंही हात लावायचा नाही. आता बोला!

ती त्या रात्री जेवली नाही. नातवाची बातमीही नवऱ्याला सांगितली नाही. कुंपणाच्या या बाजूनं ओरडून सांगायला तो काय बहिरा होता?

शनिवारी कुंदाएली आला. नवी टोपी, हातात पावाची पिशवी, तोंडावर हसू.

"वहिनी! अभिनंदन! दादाचं नाव ठेवलं म्हणे पोराचं. माझा ऊर भरून आला बघा."

"भावजी, कुंपण कुणी हलवलं?"

"अहो, बसा तरी आधी."

"माझ्या घरात मला बसा म्हणू नका. कुंपण कुणी हलवलं?"

"मी हात लावला नाही," तो म्हणाला. बघा, हेच पहिलं तोंडातून आलं. "मजुरांनी जरा सरकवलं. गाडी यायला वाट नको का वहिनी? पाहुणे एवढाल्या बॅगा घेऊन येणार, त्यांना काय पाटाच्या बांधावरून चालवू? गाडी खालच्या रस्त्यानं या पट्ट्यात शिरली की सरळ माझ्या अंगणात वळते. आठ पावलांचा तर प्रश्न आहे."

"त्या आठ पावलांत माझा नवरा आहे."

"माझाही भाऊ आहे तो! मी काय त्याला उचलतोय? उलट थडगं छान बांधून देतो. वरून टाइल्स बसवतो. पाहुण्यांना दाखवता येईल, आमच्याकडे असं असतं म्हणून. फोटो काढतील लोक."

आइकारुवा त्याच्या अंगावर थुंकली नाही, एवढंच तिनं सासरच्या नावाखातर केलं. पावाची पिशवी तेवढी उचलून तिनं शेळीच्या गव्हाणीत भिरकावली. "चालता हो. माझ्या नवऱ्याचे फोटो काढणार म्हणे! चालता हो इथून, नाहीतर कोयता कुठे ठेवलाय ते मला चांगलं ठाऊक आहे."

मग तिनं रीतीनं जायचं तसं थोरल्यांकडे गाऱ्हाणं नेलं. घराण्यात सगळ्यात वडील म्हणजे न्देसारिओ, तिच्या सासऱ्यांचा चुलतभाऊ, ऐंशीच्या पुढचा. तो आणखी दोन म्हाताऱ्यांना घेऊन आला, पण वाटेत कुंदाएलीच्या पाहुणेघरी केळ्या-नाचणीची दारू, म्बेगे, प्यायला बसला आणि तिघेही दुपार कलल्यावर कुंपणापाशी पोचले. ओठांवर फेस तसाच होता.

"काका," आइकारुवा म्हणाली, "माझ्या लग्नात ही हद्द दाखवायला तुम्हीच होतात ना?"

"होतो की."

"कुठे होती?"

म्हाताऱ्यानं काठीनं खड्ड्यांकडे दाखवलं. खोटं नाही बोलला. "तिथे होती."

"मग सांगा ना त्याला!"

न्देसारिओनं नव्या कुंपणातलं एक पान दोन बोटांत धरून पाहिलं आणि सोडून दिलं. "काय सांगू पोरी? पान फुटलंय. इसाले जिथे उभं, तिथे हद्द. आता याला हात लावायचा नाही कुणी. तूही नाही, तोही नाही. आमच्या बापांपासून असंच आहे."

"आणि ज्यानं जुनं तोडलं त्याला काय?"

"त्याचं ते त्याला मिळेल," म्हातारा म्हणाला, आणि तिघे जण परत म्बेगे होती तिकडे गेले.

त्याचं त्याला मिळेल! कधी? कोण देणार? आइकारुवाला असं बोलणं ऐकून जन्मभर चीड आली होती. बायकांनी वाट बघायची आणि देवानं हिशेब करायचा, आणि तोवर भावजींच्या गाड्या तिच्या नवऱ्याच्या उशाशी धूर सोडणार. ती पाटाच्या काठाकाठानं तरातरा चालत सुटली. कुठे जायचं ते तिला माहीत नव्हतं, फक्त कशाला तरी लाथ मारायची होती. आणि लाथ मारायला सापडला तो मजुरांनी फेकलेल्या काठ्यांचा ढीग.

लाथ बसली, एक काठी घरंगळली, आणि आइकारुवा थांबली. नऊ आठवडे चिखलात पडलेली ती वाकडी काठी. तिच्या अंगावर तीन डोळे सुजले होते आणि एकातून हिरवं टोक बाहेर आलं होतं. तिनं दुसरी उचलली. तिसरी उचलली. सगळा ढीग जिवंत होता. तिचं जुनं कुंपणच पडलं होतं ते तिथे, एलिनामीच्या जन्माच्या झाडासकट.

काढायचं नाही, असं काका म्हणाले होते. लावायचं नाही, असं कुणीच म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर सकाळी, पाऊस चालू असताना, ती कोयता घेऊन बसली. हिरवी टोकं छाटली, काठ्या एकसारख्या तोडल्या. तेवीस निघाल्या. नव्या कुंपणाच्या खालच्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला, वाट मोकळी होती. तिथून ती पट्ट्यात शिरली आणि जुन्या हद्दीवरच्या खड्ड्यांत एकेक काठी रोवत गेली. दोन दिवस लागले; थडग्यावरून जाता-येता ती नवऱ्याशी मात्र बोलली नाही, बातमी हद्द जागेवर आल्यावरच सांगायची होती. प्रत्येक काठीच्या बुडाशी तिनं वेलघेवड्याचे चार-चार दाणे टोचले.

फोइबे केळीचं पान डोक्यावर धरून बघायला आली. "हे गं काय?"

"घेवडा."

"त्याच्या जागेत?"

"जागा त्याची असेल, घेवडा माझा आहे. फुकट पडलीय जमीन."

फोइबेनं काठ्यांकडे पाहिलं. ती काही मैदानातली मजूर नव्हती; काठी कसली आहे ते तिला कळायला वेळ लागला नाही. तिनं तोंड उघडलं.

"फोइबे," आइकारुवा म्हणाली, "तुझं तोंड मी चाळीस वर्षं सहन केलंय. एकदा मिटून दाखव."

आणि काय आश्चर्य, फोइबेनं मिटलं.

कुंदाएली पुन्हा आला तो तीन आठवड्यांनी, आणि तेव्हा त्यानं काठ्या पाहिल्या. तोवर घेवडा वितीएवढा आला होता आणि काठ्यांना बिलगला होता. गवंड्यानं विचारलं, उपटून टाकू का? कुंदाएली मोठ्यानं हसला, वहिनीला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं. "राहू दे रे. बाईमाणूस आहे, घेवड्यानं समाधान होत असेल तर होऊ दे. पाऊस संपला, खडी टाकायची वेळ आली, की काढू." आइकारुवानं गोठ्यातून ते ऐकलं. दात इतके घट्ट आवळले की संध्याकाळपर्यंत जबडा दुखत होता.

उपटल्या असत्या तर संपलंच होतं. पान फुटेपर्यंत ती नुसती काठी असते, कुणीही उपटावी. म्हणून तिला दिवस हवे होते, बाकी काही नको होतं. आणि नेमके दिवसच मिळेनात, कारण भावजींना अचानक क्षमा हवीशी झाली.

झालं असं, की कुंदाएलीच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडचे लोक म्बेगे प्यायला येणार, तेव्हा घरातल्या थोरल्या बाईनं पहिला तुंबा भरून व्याह्यांच्या हातात द्यायचा असतो. थोरली बाई आइकारुवा. आणि ज्या घरात भांडण मिटलेलं नाही, तिथे पहिला घोट कुणी घेत नाही, हे मुलाकडच्यांनी स्वच्छ सांगून पाठवलं होतं.

भांडण मिटवायची आमची रीत सोपी आहे. ज्याची चूक त्यानं इसालेचं पान घ्यायचं, त्याला गाठ मारायची आणि समोरच्याच्या हातात द्यायचं. हातात पान आलं की क्षमा करावीच लागते. रक्ताची वैरंसुद्धा त्या पानानं मिटली आहेत. नंतर त्या गोष्टीवर शब्द काढायचा नाही आणि त्यावर काही करायचंही नाही. जे जसं आहे तसं राहिलं. पान नाकारलं असं अख्ख्या डोंगरावर कुणी ऐकलेलं नाही.

जे जसं आहे तसं! म्हणजे आठ पावलं गेली, नवरा गेला, टाइल्स आल्या. काठ्या फुटायच्या आधी पान हातात पडलं तर आइकारुवाला त्या काठ्यांचं नाव काढता आलं नसतं. मग तिनं काय करावं? नाकारायचं तर नव्हतं. पण हात मोकळे नसले तर कुणी कुणाच्या हातात पान कसं द्यावं?

पहिल्यांदा कुंदाएली दारात आला तेव्हा ती गोठ्यात होती. गाठ मारलेलं पान त्याच्या दोन्ही हातांत. "वहिनी, माझं चुकलं. हे घ्या."

आइकारुवानं कोपरापर्यंत हात शेणात घातले आणि बाहेर काढून दाखवले. "शेणाचे हात आहेत भावजी. पवित्र पान असं घेऊ का?"

"मग धुवा ना."

"गाय आजारी आहे. आज दिवसभर हेच चालणार." गाय मजेत रवंथ करत होती.

दुसऱ्यांदा त्यानं तिला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं. ती दोन्ही हातांनी डोक्यावरचा केळीचा घड धरून उभी, आणि पाद्र्यांना द्यायचा म्हणून तो खाली ठेवायला तयार नाही. कुंदाएली पान घेऊन तिच्याभोवती फिरला, बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या. पाद्री स्वतः घड घ्यायला आले तर म्हणते, "तुम्ही नका उचलू, तुमची कंबर नाजूक आहे," आणि घडासकट घरी निघून आली.

तिसऱ्यांदा त्यानं फोइबेकडून पान पाठवलं, मध्यस्थामार्फत चालतं म्हणून. फोइबे उंबऱ्याशी उभी राहून गयावया करू लागली. "अगं घे गं बाई, मला ओझं झालंय त्याचं."

"आत आणू नकोस. तिथे दाराशी ठेव, हात पुसून येते."

फोइबेनं ठेवलं. आइकारुवा हात पुसायला गेली ती परत आली तेव्हा शेळीनं पान अर्धं गिळलं होतं. दोघी बघत राहिल्या. शेवटी गाठही गेली.

"आता काय सांगू त्याला?" फोइबे म्हणाली.

"सांग, शेळीनं क्षमा केली."

गावभर हसू झालं. कुंदाएली बाजारातून जायला लागला की पोरं मागून बें-बें करायची. पण हसू काही फार दिवस पुरत नाही. मुलाकडचे कुरकुरू लागले, कुंदाएलीची बायको रडत आली, आणि न्देसारिओ काठी टेकत स्वतः आइकारुवाच्या अंगणात येऊन बसला.

"पोरी, खेळ पुरे झाला. लग्न मोडेल. पोरीचा काय दोष?"

"माझा काय होता?"

"तू पान चुकवतेस, असं लोक म्हणतात. हे बरं नाही. असं आमच्यात कुणी केलेलं नाही."

"काका, हद्दीचं इसाले परगावच्या मजुरांकडून तोडून घेतलं, असं आमच्यात कुणी केलं होतं? तेव्हा तुम्ही काय म्हणालात? त्याचं त्याला मिळेल! आणि माझं मला आजच मिळायला हवं, होय? त्याच्यासाठी देव बसलाय, माझ्यासाठी तुम्ही!" तिचा आवाज चढला, गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. म्हातारा काठीनं अंगणातली माती उकरत बसला. त्याची मान जरा हलत होती, पण ती नेहमीच हलायची.

"म्बेगेच्या दिवशी येईन," ती शेवटी म्हणाली. "हात धुऊन येईन. पुढच्या शनिवारी. त्याच्या आधी मला कुणी पान दाखवायचं नाही."

तो गेल्यावर ती पट्ट्यात गेली. सहा आठवडे होत आले होते. घेवड्यानं काठ्या पार झाकून टाकल्या होत्या, वर जांभळी फुलंही आली होती. तिनं पहिल्या काठीवरची वेल बाजूला केली. डोळे सुजलेले, बंद. दुसरीचे बंद. सातव्या काठीला, वेलीच्या सावलीत, बोटाएवढं पान उलगडलं होतं. आठवीला दोन. मागे येऊन पहिलीला पुन्हा पाहिलं, तर मागच्या अंगानं तिलाही फुटलं होतं. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला. कसलं रडतेस, ती स्वतःला म्हणाली, अजून आठवडा आहे. तो पूर्ण आठवडा ती दिवसातून तीनदा घेवड्याची काळजी घ्यायला गेली. एवढी काळजी घेवड्याची कुणी घेत नाही.

शनिवारी कुंदाएलीच्या अंगणात माणूस मावत नव्हता. मुलाकडचे बाकांवर, आपल्याकडचे गवतावर, मधे म्बेगेची पिंपं. आइकारुवा नवा छापील कांगा नेसून आली. तिनं सगळ्यांसमोर हंड्यातलं पाणी घेऊन हात धुतले, झटकले, आणि दोन्ही तळवे पुढे धरले.

कुंदाएली गुडघ्यावर बसला. शहरात राहून त्याला नाटक चांगलं जमायचं. "वहिनी, माझी चूक झाली. दादाच्या थडग्यावरच्या इसालेचं पान आणलंय. त्याच्या नावानं मागतो."

थडग्यावरचं! तिच्या हातानं लावलेलं, चार वर्षांचं! आइकारुवाच्या कानशिलाची शीर उडायला लागली. पण तिनं बोटं मिटली, पान घेतलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घेतलं. क्षमा केली."

बायकांनी जिभा हलवून आरोळ्या दिल्या. कुंदाएली उठून गुडघे झटकू लागला. व्याही पुढे सरकले.

"थांबा," आइकारुवा म्हणाली. "माझं राहिलंय."

तिनं कांग्याच्या गाठीतून एक पान काढलं. इतकं लहान होतं की त्याला मारलेली गाठ शेंगदाण्याएवढी दिसत होती. ती कुंदाएलीसमोर गुडघ्यावर बसली. वाकताना गुडघे कडकड वाजले.

"भावजी, माझीही चूक झाली. मला क्षमा करा."

"तुमची? कसली चूक वहिनी?" तो हसत होता, हात पुढे येतच होता.

"मी इसाले लावलं. तेवीस. जुन्या हद्दीवर, तुमच्या गाडीच्या वाटेत."

हात तिथेच थांबला. "तो तर घेवडा आहे."

"घेवडाही आहे."

मग काय विचारता! अर्धं अंगण उठून बागेच्या कडेला धावलं. कुणीतरी वेली ओढल्या, आणि खालून कोवळी, तुकतुकीत, बोट-बोट, वीत-वीत पानं बाहेर आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकही काठी मेली नव्हती. मैदानातला गवंडी म्हणाला, यात काय, उपटून टाकू, आणि एक काठी हलवायला गेला. न्देसारिओनं त्याच्या मनगटावर काठी मारली. म्हाताऱ्याच्या हातात इतका जोर असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"पान फुटलंय," न्देसारिओ म्हणाला. "हात लावायचा नाही कुणी."

"पण काका, हद्द तर तिकडे आहे! तुम्हीच सांगितलंत!" कुंदाएलीचा आवाज पोरासारखा चिरकला. "माझी गाडी कुठून येणार?"

"तिकडेही आहे, इकडेही आहे," म्हातारा म्हणाला. त्यानं काठीचं टोक आधी एका कुंपणाकडे केलं, मग दुसऱ्याकडे. "दोन इसालेंच्या मधे कोण झोपलंय?"

सगळ्यांना माहीत होतं.

"मग जागा त्याची. त्याला विचारा गाडी न्यायची का ते." मग तो आइकारुवाकडे वळला. "तेव्हा मी ती म्बेगे प्यायला नको होती, पोरी," असं म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला.

आइकारुवा अजून गुडघ्यावरच होती, हात पुढे करून. मुलाकडचे बघत होते. व्याह्यांनी घसा खाकरला. पान कुणी नाकारलं आहे असं अख्ख्या डोंगरावर कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि इतके दिवस हेच सगळ्यांना पटवत फिरलेला माणूस तिच्यासमोर उभा होता. कुंदाएलीनं ते शेंगदाण्याएवढं पान चिमटीत घेतलं.

"मोठ्यानं बोला भावजी, व्याह्यांना ऐकू गेलं नाही."

"क्षमा केली," कुंदाएली म्हणाला.

आइकारुवानं पहिला तुंबा भरला, दोन्ही हातांनी व्याह्यांना दिला, पोरीच्या कपाळावर हात ठेवला. पोरीचा खरंच काही दोष नव्हता. दुसरा तुंबा तिनं स्वतःसाठी भरला आणि निघाली. कुंदाएली मागून आला. टोपी हातात होती.

"वहिनी, आता दोन्हीकडून पानं झाली. आता तरी राग गेला ना?"

आइकारुवा वळली. "क्षमा तुम्ही मागितली होती, ती दिली. राग तुम्ही मागितला नव्हता, तो माझ्याकडेच आहे. पुन्हा या बागेत दोरी घेऊन आलात तर तोही मिळेल."

ती रस्त्याच्या बाजूनं पट्ट्यात शिरली. दोन्हीकडे इसाले, मधे अनाएली, आणि उशाशी ज्या झाडाचं पान भावजींनी तोडलं होतं त्याचा ओला व्रण. तिनं त्या व्रणाला माती लावली. अर्धी म्बेगे थडग्यावर ओतली, अर्धी स्वतः प्यायली आणि तिथेच मांडी घालून बसली.

"तुझ्या भावाचे तू किती लाड केलेस, आठवतंय का?" ती म्हणाली. "मी सांगत होते तेव्हा ऐकलं नाहीस. आता ऐक. नातू झालाय, आणि नाव तुझं ठेवलंय."